यादीवाली बाई

माझ्या बायकोला नाही म्हणायची लाज वाटत नव्हती. रिसोडच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं कामाला होतो तिथं तिला सगळे यादीवाली बाई म्हणत. मी फाटकावर चौकीदार, शिक्षण चौथी. ती कम्प्युटरचा कोर्स केलेली, मदतनीस म्हणून लागली आणि नेटचं सगळं काम तिच्याच गळ्यात पडलं. "तुमचं फाटक माणसायचं, माह्यं वायरीचं," म्हणायची.

तिच्या खोलीत स्विचची पेटी होती, हिरवे दिवे लुकलुकणारी. कॉलेजातली प्रत्येक वायर तिथं येई. पेटी एकच, पण तिनं आत गल्ल्या पाडल्या होत्या. तिच्या भाषेत व्हीलॅन. ऑफिसची एक, मास्तरांची एक, पोरांची एक. आणि कोणत्या गल्लीतून कुठं जायचं, याची यादी पेटीला लिहून दिलेली. प्रिंटरकडे सगळ्यांनी जावं. ऑफिसात मार्क ठेवलेले, तिकडं पोरांच्या गल्लीतून कोणी जाऊ नये. एकदा प्राचार्यच पोरांच्या वायफायवर बसून मार्क उघडत होते. उघडेनात. तणतणत आले. ही बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, पेटी तोंड पाहत नाही. कोन्या गल्लीतून आले ते पाहते."

जेवताना मला शिकवायची. मला काय कळणार, पण तिचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं. "पेटी यादी वरून वाचते. जी ओळ पहिले जुळली ते खरं, मंग खालचं वाचतच नाही. अन् सगळ्यात खाली एक ओळ राह्यते. कोनी लिवत नाही, तरी राह्यते. बाकी सगळ्यायले मनाई."

नवीन यादी करताना एकदा ती लायब्ररी लिहायलाच विसरली. दुपारपर्यंत तिथलं नेट बंद. दुसरं कोणी असतं तर वायरीवर ढकललं असतं. ही स्वतः गेली आणि ग्रंथपालांना म्हणाली, "मी तुमाले अडवलं नाही, मी तुमाले विसरली. पन पेटीले दोन्ही सारखंच."

मग तिचं दुखणं निघालं. औषधं अशी, की बाहेरचा साधा जंतूही तिला सोसायचा नाही; डॉक्टरांनी भेटणाऱ्यांना बंदी केली. तिनं खोक्याचा पुठ्ठा फाडून यादी लिहिली. लेक, जावई, नर्सबाई. शेवटी, बाकी कोणी नाही. पुठ्ठा घरातल्या तिच्या खोलीच्या दाराला लावला आणि दाराशी खुर्ची टाकून मी बसलो. जन्मभर तेच केलं होतं.

एक दिवस आसेगावहून तिची धाकटी बहीण आली. हातात अंबाडीच्या भाजीची पिशवी. मी पुठ्ठा पाहिला. म्हटलं, "नाव नाही."

"भाऊजी, मी हाव ना."

"यादीत नाही."

ती पिशवी उंबऱ्याशी ठेवून गेली. बायको आत झोपली होती. उठल्यावर तिनं पिशवी पाहिली, कोण आलं होतं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "अवो, तुमी त पक्के स्विच झाले." हसली आणि हसता हसता रडली. "चूक तुमची नाही. यादी मी लिवली. मीच विसरली तिले."

मी पेन घेतलं, शेवटच्या ओळीखाली साळीचं नाव घातलं. पुठ्ठा तिला दाखवला.

"तिथं कोन वाचते? वर लिवा."

वर जागा नव्हती. काठाला चिकटून बारीक अक्षरात लिहिलं. साळीला फोन केला. तिच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालली होती. परवा येतो म्हणाली. ती आली, पण बायको आदल्या दिवशीच गेली होती.

साळी अजून येते. आत जाऊन पलंगाच्या काठावर बसते. मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. जाताना एवढंच म्हणते, "काढा ना आता तो पुठ्ठा." मी काढत नाही. अक्षर बायकोचं आहे.

परवा तो पुठ्ठा वरून खालपर्यंत नीट वाचला. माझं नाव कुठंच नाही. तेव्हा दिवसातून वीस वेळा आत जायचो, कधी ध्यानात आलं नाही. लिहायची गरज वाटली नाही की विसरली, कोणाला विचारू. आता आत जायचं मनात येतं आणि मी खुर्चीवरच बसून राहतो.