डालगी शोधणारे भालेराव

स्वेटर विणायची सुई दातांत धरून बसलेला पुरुष मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी तिथं कार्ड पंचिंगला लागले. श्रीरामपूरहून एस.टी.नं यायचे. पहिल्याच दिवशी म्हटलं, हे काय बाई, इथं स्वेटर विणायलाही माणसं ठेवतात की काय? तेवढ्यात त्यांनी, म्हणजे याद्या तपासणाऱ्या भालेरावांनी, ती सुई कार्डांच्या गठ्ठ्यात खुपसली, गठ्ठा उचलून हलवला आणि पाच-सात कार्डं टपाटप टेबलावर पडली. "घावली," म्हणाले आणि पेन्सिल घेऊन कामाला लागले. मी नवीन आले आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कोणाचा ऊस कधी तोडायचा, ती यादी पुण्याच्या कॉम्प्युटरवर निघायची. आम्ही मुली कार्डांना भोकं पाडून पाठवायचो. यादी काढणारा प्रोग्रॅम पुण्याच्या पोरांनी लिहिलेला. त्यांनी आळस करून त्यात जागोजागी एकच सरसकट खण वापरला होता. त्यात आकडा ठेवा, नाव ठेवा, तारीख ठेवा, काहीही चालायचं. भालेराव त्याला डालगं म्हणत. "डालग्याखाली कोंबडी झाका, न्हाईतर कांदं भरा, ते कुनाला न्हाई म्हनत न्हाई. पन कांदं भरायचं आन् कोंबडी मागायची, मंग कसं व्हायचं?"

घोटाळा व्हायचा तो सर्व्हे नंबरात. भावाभावांची वाटणी झाली की बारा नंबराचे १२/अ आणि १२/ब होतात, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पुण्याच्या पोरांना कुठलं माहीत! डालग्यात नंबर अक्षरासकट जायचा, बाहेर नुसता आकडा निघायचा. दोघा भावांचं एकच शेत होऊन एकाची पाळी यादीतून साफ गायब. म्हणून साहेबांनी भालेरावांना सांगितलं, गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत प्रोग्रॅममधलं एकूण एक डालगं शोधा. दुष्काळाचं वर्ष, पाणी आटलेलं, ऊस उभ्या उभ्या वाळत होता. त्या वर्षी पाळी चुकणं म्हणजे पीक गेलंच.

भालेरावांनी प्रत्येक डालग्याचं एक कार्ड केलं. वरच्या कडेला भोकांची ओळ. आत एक जातं आणि बाहेर दुसरंच निघतं असं दिसलं, की ठरलेल्या भोकाची कड कापायची. सुई घालून गठ्ठा हलवला की कड कापलेली तेवढीच खाली पडत. पण त्याआधी छापील प्रोग्रॅमचा तो भलामोठा गठ्ठा ओळीनं वाचायला हवा. त्यांचा नेम होता, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं. "एकटं मानूस डोळ्यानं न्हाई, मनानं वाचतं," ते म्हणत. पूर्वी घरी त्यांची बायको राहेल वाचून दाखवायची. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, अर्थ ओ की ठो कळायचा नाही, पण एक अक्षर गाळायची नाही. ती त्याच उन्हाळ्यात वारली. मूलबाळ नव्हतं. हा माणूस ऑफिस सुटल्यावरही टेबलापाशीच बसून राहायचा.

एका शनिवारी माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, उद्या दोन घंटे याल का? तुमी फकस्त वाचा." मी लग्नाची मुलगी, हे विधुर; शेजारच्या टेबलावरच्या दोघी लगेच खुसूखुसू हसल्या. मी फटकन म्हटलं, "रविवारी मला जमणार नाही, आणि पुन्हा विचारूही नका." त्यांनी मान हलवली आणि खरंच पुन्हा विचारलं नाही. मग स्वतःच मोठ्यानं वाचायचे, स्वतःच बोट ठेवायचे. कारकून म्हणायचे, म्हातारा मेलेल्या बायकोशी इंग्रजीत बोलतो. हसणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला सांगू?

यादी लागली. पंधरा दिवसांनी कोल्हारचा रंगनाथ उसाचं वाळकं टिपरू घेऊन ऑफिसात आला. थोरल्या भावाचा ऊस गेला होता, याचं नाव यादीतच नव्हतं. "भावानं चिरीमिरी देऊन माझी पाळी उडवली!" असा त्याचा धोशा. भालेरावांनी पुन्हा सगळं वाचलं. तिसऱ्या दिवशी एक सुटलेलं डालगं सापडलं. त्याचं कार्डच झालं नव्हतं, मग सुई काय करणार! ते कागद घेऊन एस.टी.नं कोल्हारला गेले. तोवर भावांनी सामाईक अंगणात बाभळीच्या फांट्यांचं कुंपण घातलं होतं.

परत आल्यावर मला म्हणाले, "च्या पाजला, ऐकूनबी घेतलं. पन इस्वास न्हाई बसला. मशीन चुकलं म्हनन्यापरीस भाऊ चुकला म्हननं लोकांना सोपं वाटतंय, बाई."

पुढं ते राजीनामा देऊन मिरजगावला बहिणीकडं गेले आणि वर्षाच्या आत वारले. मला दोन महिन्यांनी कळलं. पण मला आठवतो तो राजीनाम्याचा दिवस. कोल्हारची कार्डं मी पंच केलेली, म्हणून साहेबांनी चौकशीला आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं होतं.

"वाचताना जोडीला कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"कोनी न्हवतं."

"मग मागायचं ना कोणाला! या बाई होत्या की. यांना विचारलं होतं का?"

मी भालेरावांकडं पाहिलं. कधी खोटं न बोलणारा माणूस तो. एका अक्षराच्या चुकीसाठी कोल्हारपर्यंत गेलेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "माज्या ध्यानातच आलं न्हाई."

आणि मी गप्प बसले.