वीस मिनिटांचा भरोसा
जळक्या रबराचा वास आला की शेंद्र्याच्या कारखान्यातली रबर तापवायची ती भट्टी आठवते. ती चालवायचा संगणकाचा प्रोग्राम मी पायथन भाषेत लिहिला होता. किती मिनिटं तापवायचं, ते कारखान्यातल्या साहेबांनी लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्राममधून यायचं. भट्टीचं नवं काम नोंदवलं जातानाच माझा प्रोग्राम तपासायचा, आलेली वेळ खरंच आकडा आहे का. नसेल तर काम बंद. साहेब भडकले, "मी पाठवतोय ना? चोर हाय का मी?" तरी मी तपासणी काढली नाही. पहिल्याच चाचणीला प्रोग्राम थांबला. "वीसच तर दिसतंय!" साहेब म्हणाले. मी म्हणालो, "दिसतंय वीस, पण आलंय आकडा म्हणून नाय, अक्षरांचा मजकूर म्हणून. जाड रबराला वेळ दुप्पट केली, की चाळीस नाय, वीसपुढं वीस चिकटून दोन हजार वीस मिनिटं. रबर जळून जाईल." साहेबांनी आपला प्रोग्राम दुरुस्तीला उघडला. आजही शेंद्र्यावरून करमाडकडं जाताना तो वास आला, की वाटतं, एखाद्या कारखान्यात कुणीतरी न तपासताच कुणावर तरी भरोसा ठेवलाय.