हायड्रोजनअक्काचा रांजण

हायड्रोजनअक्का वर्गात शिरली की आधी खिडकीतून सूर्याकडे बोट करायची. "कोण पेटवायलंय रे त्याला?" लाकूड नाही, तेल नाही, हायड्रोजनचे इवले कण एकमेकांत मिसळून एक होतात आणि त्यातून उजेड होतो, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावची ही विज्ञानाची बाई, आमच्याच बौद्ध वस्तीतली. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

स्नेहसंमेलनासाठी तिने ताऱ्यांकडे जाणाऱ्या जहाजाचं नाटक लिहिलं. मी चळवळीची पत्रकं वाटत फिरणारा. सरळ सुनावलं, "अक्का, वस्तीत अजून विजेचा खांब न्हाई, अन् तू सूर्य पेटवायलीस?"

"कामून न्हाई? खांब मागायचाच. पण मागणाऱ्यानं लहानच मागावं, असं कुणी ठरवलं रे?"

तिच्या जहाजाच्या भट्टीचं इंधन पाण्यातून निघायचं. जड हायड्रोजन कुठल्याही पाण्यात असतो. भट्टीतली आग इतकी प्रखर की चुंबकांनी तिला अधांतरी धरायचं. "भांड्याला शिवू द्यायची न्हाई," अक्का म्हणायची. "इटाळ म्हणून न्हाई बाबा, भांडं वितळंल म्हणून!"

तिची अट एकच. जहाजातल्या प्रत्येक पोरानं घरचं पाणी आणून मंचावरच्या एकाच रांजणात ओतायचं. गावात वरच्या गल्लीची विहीर वेगळी, आमची वेगळी. पोरं ओततील का, एवढाच खरा प्रयोग. बाकी नाटक चांदीच्या कागदाचं.

ओतलं. सगळ्यांनी! कप्तान झालेली सुमन वरच्या गल्लीतली. तिने कळशी उपडी केली तसा तिचा बाप मंचावर चढला. "आपलं पाणी ह्यांच्यात घालायलीस?"

अक्काने रिकामी कळशी त्याच्यापुढे धरली. "अण्णा, तुमचं तेवढं निवडून घ्या."

तो रांजणात वाकून खरंच बघत राहिला. लोक खो-खो हसले. शेवटी सुमनच म्हणाली, "अप्पा, बाजूला सरका. जहाज सुटायलंय."

महिनाभरात अक्काची बदली, थेट मादन हिप्परग्याला. शिक्षा कुणाला? पाणी मिसळणारीला. अशा गावानं सूर्याकडे तोंड वर करून बघूच नये, असं पत्रक मी सुमनचं आणि तिच्या बापाचं नाव घालून लिहून नेलं. अक्काने ते उभ्यानंच वाचलं आणि सुमनचं नाव तेवढं खोडलं. "मी चालले. तिला हितंच ऱ्हायचंय," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

रांजण शाळेच्या व्हरांड्यात आहे. पोरं दोन्ही विहिरींचं पाणी त्यात ओततात, एकाच तांब्याने पितात. निवडून घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.