भिजवून न पाहिलेली ढेप

तुमच्या गोठ्यात पडणाऱ्या शेणाकडं तुमच्या कोंबड्या जातात का, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

हसू नका. आमच्याकडं गाय आणि कोंबड्या यांचा संसार एकच आहे. गाईनं शेण टाकलं की कोंबड्या धावत येतात, पायानं ते विस्कटतात आणि त्यातले न पचलेले सरकीचे तुकडे, चुकार दाणे, किडे टिपतात. दुष्काळात तर त्यांचं निम्मं पोट त्यावरच चालतं, कारण मका हात राखूनच टाकावा लागतो. त्या उन्हाळ्यात मी जालन्याहून घरी गेले तेव्हा विहीर कोरडी पडली होती, गावात टँकर येत होता आणि कोंबड्या शेणापाशी येऊन, मान तिरकी करून बघून, तशाच निघून जात होत्या.

गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. अशा वेळी तिचं अंग भरायला हवं. तिच्या बरगड्या दिसत होत्या. ती खाली बसायच्या आत तिला बाजारात उभी करायची, असं आईनं ठरवून टाकलं होतं. दुष्काळात गाय एकदा बसली की तिला उठवायला चार माणसं लागतात आणि विकत घ्यायला एकही येत नाही.

"ढेप तर खाऊन राह्यली ना बराबर?" मी विचारलं.

"खाऊन राह्यली. अंगी लागंना." आईनं भिंतीकडं पाहिलं. "लागंल कशी? आपल्या वाट्याला वरची आली का खालची, देवालाच माहीत."

भिंतीपलीकडं माझी चुलत काकू राहते. सरकीच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, भाव चढल्यापासून अख्खं पोतं घेणं एकाही घराला झेपत नव्हतं. आई आणि काकू दोघी मिळून एक पोतं घ्यायच्या. पोतं उतरायचं काकूच्या ओसरीवर, घमेल्यानं वाटून द्यायची आई. आईचा संशय असा, की काकू रात्रीतून पोतं फोडून चांगली ढेप काढते आणि खाली झाडलोट भरते. तोंडावर मात्र कोणी बोलत नव्हतं. बोलणं जनावरांमार्फत चालायचं.

"या बायांनो," खुराड्याचं दार उघडताना आई मोठ्यानं म्हणायची, "आपल्या नशिबी खालचा चुराच हाये. साय दुसरीकडं गेली."

पलीकडून काकू तिच्या म्हशीला सांगायची, "खा गं माय, मिळालं तेवढं खा. घमेलं ज्याच्या हातात, त्याचीच भर. आपुन पदर पसरून उभे राहणारे."

म्हणजे तिचाही संशय होताच.

वडील सभांमधून खिसे भरभरून पत्रकं आणायचे. मी ती वाचत वाढले. पत्रकात शत्रू कोण ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. त्यामुळं माझा संशय ऐकताक्षणी पोतं विकणाऱ्या टेंभुर्णीच्या दुकानदारावर गेला. पुरावा माझ्याकडंही नव्हता. फरक एवढाच, की आईच्या आणि काकूच्या संशयाला मी भाऊबंदकी म्हणत होते आणि माझ्या संशयाला तत्त्व.

संध्याकाळी आई ढेप घालताना मी शेजारी उभी होते. तिनं कोरडी ढेप टोपल्यात टाकली, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि टोपलं गाईपुढं सरकवलं.

"भिजू न्हाई घातली?"

"कशात घालू? बादलीभर पाणी जातं त्याला. टँकरचं पाणी प्यायचं का ढेपेला पाजायचं?"

मी तिथंच थबकले. पूर्वी ढेप रात्री बादलीत भिजत पडायची, सकाळी फुगून मऊ व्हायची, आणि बादली रिकामी करताना तिचा तळ आपोआप दिसायचा. टँकर सुरू झाल्यापासून गावातलं प्रत्येक घर ढेपेवर नुसतं पाणी शिंपडत होतं. ढेपेची बादली रिकामी करायची वेळच कोणावर आली नव्हती.

मी लोणच्याची काचेची बरणी घेतली, तिच्यात ढेप टाकली आणि पाणी ओतलं. भिंतीवरून काकूचं डोकं वर आलं.

"प्यायला पाणी न्हाई अन् पोरगी ढेप धुऊन राह्यली! कालेजात हेच शिकवतात का?"

"काकू, तुमच्या घरची मूठभर द्या की. तीपण बघते."

"म्हंजी? माझ्या घराची झडती घेतीस का काय?" डोकं खाली गेलं आणि दार आपटलं.

सकाळी बरणीत वर लाकडाचा भुसा तरंगत होता, मधे थोडी टरफलं, आणि तळाला राखाडी वाळूचा जाड थर. आईला हाक मारणार तोच काकू आली. पदराखाली काचेचा पेला होता. तिनं तो बरणीशेजारी ओट्यावर ठेवला. तोच भुसा, तोच थर. शेणात कोंबड्यांना टिपायला काही का उरत नव्हतं, ते त्या दोन काचांत दिसत होतं.

"घमेलं तुझ्या मायच्या हातात होतं," काकू मला म्हणाली. "म्हटलं बघावं, तुमची चांगली अन् माझी खराब, असं तर न्हाई."

आई पेल्याकडं बघत राहिली. "म्हंजी तू न्हाईस."

"अन् बाई, तुम्हीबी न्हाई."

माफी कोणीच मागितली नाही. आईनं चुलीकडं वळत विचारलं, "चहा घेती का?"

"घेते. साखर तेवढी भिजवून बघा आधी."

बरणी घेऊन मी आणि काकू टेंभुर्णीला त्या दुकानात गेलो. दुकानदारानं बरणी उचलून उन्हात धरली.

"ताई, ही तुमच्या गोठ्यातली माती. आमचा माल शिलाईबंद येतो."

"मंग एक शिलाईबंद पोतं आमच्यासमोर फोडा," मी म्हणाले.

"फोडलेलं पोतं घेणार कोण?"

"मी घेते," काकू म्हणाली. "चांगलं निघू द्या, खर्च माझा."

तो हसला आणि त्यानं पोत्यांपुढं आपली खुर्ची सरकवली. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. एकानं आपल्या गाडीवरच्या पोत्याला बोटानं चाचपलं, आमच्याकडं पाहिलं, आणि गाडीला किक मारली. घरी जनावर उपाशी असताना हातातलं पोतं कोण खाली ठेवणार? त्याचं मला समजतं. पण वाळू दुकानात मिसळली, गोदामात मिसळली की कारखान्यात, ते मला आजही माहीत नाही. पोतं कोणी फोडून दाखवलं नाही, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते. आणि त्या खुर्चीवर माझा अजून संशय आहे.

आई बाजाराच्या दिवशी गाय सोडायला गेली आणि दावं हातात धरून उभी राहिली. "रोग न्हाई तिला," ती म्हणाली. "उपाशी हाये. भरल्या टोपल्यापुढं उपाशी." दावं तिनं परत खुंटीला बांधलं.

मग हिशेब सरळ होता, आणि वाईट. कोंबड्यांसाठी राखलेला मका गिरणीवर नेऊन भरडला आणि गाईला घातला. कोंबड्यांना पोसायला काही उरलं नाही. एक खुडूक कोंबडी सोडून बाकी सगळ्या विकल्या. त्या पाय बांधून नेल्या तेव्हा आई घरात बसून होती, बाहेर आली नाही. गाय व्याली. कालवड उभी राहायला फार वेळ लागला. काकूनं तिला पोटाखाली हात घालून धरलं आणि सडाला लावलं. ती जगली.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी ढेप घ्यायला जाल तेव्हा काचेचा पेला आणि पाणी सोबत न्या. दुकानाच्या पायरीवर, चार गिऱ्हाइकांसमोर, मूठभर ढेप भिजवा आणि गाळ तळाला बसेपर्यंत तिथंच बसा. दुकानदार घाई करील, हसेल, तुमच्या गोठ्याला नावं ठेवील. उठू नका. तळाला काय बसलं ते आधी शेजारच्या घरी जाऊन दाखवा, मग त्या घरावर संशय घ्यायचा की नाही ते ठरवा.