स्पॅमला सुनावणी देणारे अण्णा

श्रीपादअण्णा नवलगुंदकरांकडून मला आलेला पहिला मजकूर असा होता : "सदर सदस्येने व्यापारी स्वरूपाचा मजकूर प्रसिद्धीस दिल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. तो का काढून टाकू नये, याबाबत आपले म्हणणे सात दिवसांचे आत मांडावे."

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला 'सदर' आणि 'प्रथमदर्शनी' एकाच वाक्यात दिसले की दारात पोलिस आल्यासारखं वाटतं. माझा गुन्हा एवढाच, की फोनवरच्या 'मराठी मेळा' नावाच्या ग्रुपमध्ये मी धपाट्यांचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'मराठवाडी धपाटे, दही-चटणीसकट, घरपोच.' आम्ही परभणीकडचे. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरला एका कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडे आलो. कानडी येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. धारवाड-हुबळीतले मराठी बोलणारे हजारो लोक त्या ग्रुपात आहेत असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून धीर करून फोटो टाकला होता. नोटीस बघून मालक म्हणाले, "परक्या राज्यात आहोत आपण. तुला सांगितलं होतं ना, गप बस म्हणून?"

नोटिशीच्या खाली अण्णांचं पूर्ण नाव, 'निवृत्त शिरस्तेदार, जिल्हा न्यायालय' हा हुद्दा, धारवाडच्या घराचा पत्ता आणि सुनावणीची वेळ होती : सकाळी दहा ते बारा, रविवार वगळून. दुसऱ्या दिवशी मी डबाभर धपाटे घेऊन धारवाडच्या बसमध्ये बसले. देवाचं नाव घेत गेले, खोटं कशाला सांगू.

दार अण्णांच्या बायकोनं, सुमनअक्कांनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत ओरडून म्हणाल्या, "अहो, आणखी एक आरोपी आली बघा!"

अण्णा पडवीत टेबलाशी बसले होते. घरात असूनही पट्टा लावलेली पँट, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. समोर पुस्तकांच्या टेकूनं फोन उभा केलेला. त्या फोनवर ते एका बोटानं, टाइपरायटरवर निकालपत्र बडवावं तसं टाइप करत. मान वर न करता म्हणाले, "म्हणणं मांडा."

"काय मांडू? धपाटे आणलेत."

"तो मुद्देमाल झाला. म्हणणं काय?"

मला रडू आलं. अक्का आतून धावत आल्या. "रडवलंत पोरीला! कर्जबुडवी आहे का ती? सोडा तो नोटिशीचा नाद!" पण अण्णा ढळले नाहीत. पीठ कोण मळतं? फोन स्वतःचा का? नाव खरं का? हाच फोटो रोज रोज चिकटवणार का? मी एकेक उत्तर देत गेले. शेवटी त्यांनी निकाल दिला : सदस्या ही स्वतःच्या हातानं केलेला जिन्नस विकते, सबब आठवड्यातून एकदा, शनिवारी, जाहिरात देण्यास परवानगी. मग चष्मा काढला, हात धुऊन आले आणि डबा उघडला. "निकालाआधी खाल्लं असतं तर लाच झाली असती. आता पाहुणचार." एक धपाटा संपवून म्हणाले, "तिखट आहे. पण जाहिरातीत लिहिलंय तसंच आहे."

परतीच्या बसमध्ये मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

पुढे कळलं की हा माणूस हे सगळं फुकट करतो. ग्रुपात वकील होते, डॉक्टर होते, निवृत्त प्राध्यापक तर पैशाला पासरी. इतिहासावर भांडायचं म्हटलं की सगळे बाह्या सरसावून हजर. पण रोज सकाळी ग्रुपात साचलेली घाण कोण काढणार म्हटलं, की प्रत्येकाची कंबर धरायची. घरबसल्या कर्ज, महिन्यात वजन कमी, लॉटरीचं बक्षीस, अर्ध्या किमतीत गॉगल. हे सगळं उपसायला अण्णा एकटे. आणि त्याबद्दल त्यांना मिळणारा मोबदला म्हणजे कुणीतरी दुपारची झोप काढून उठायचा आणि लिहायचा, 'ॲडमिन झोपलेत का?'

अण्णांचीही कमाल होती. कर्जाच्या जाहिरातीलासुद्धा ते नोटीस द्यायचे. नोटिशीची मुदत संपेपर्यंत जाहिरात तिथंच! तोवर आमचे धारवाडचे सभ्य सदस्य तिच्याखाली उत्तरं लिहायचे, 'नमस्कार. सध्या कर्जाची गरज नाही. आपलं गाव कोणतं?' जितकी उत्तरं, तितकी ती जाहिरात ग्रुपात वर वर चढायची. यंत्रानं पाठवलेल्या स्पॅमची एवढी आस्थेनं विचारपूस करणारं गाव जगात दुसरं नसेल.

जाहिरातीत फोन नंबर असला तर अण्णा फोनही करायचे. "हलो, यार्री मातनाडोदु? कोण बोलतंय? साल ब्याडरी, कर्ज नको आम्हाला. तुम्ही तुमचं नाव सांगा की आधी!" नाव कुणी सांगायचं नाही, पण अण्णांचा नंबर मात्र देशातल्या सगळ्या कर्जवाल्यांकडे पोचला. दिवसभर फोन वाजायचा. अक्का म्हणायच्या, "जावयाचा फोन लागत नाही आणि ह्यांना सावकार सोडत नाहीत. पेन्शन सरकारची आणि चाकरी ह्या फुकट्यांची!"

एकदा ग्रुपातले संस्कृतचे एक वयोवृद्ध मास्तर अचानक गॉगल विकायला लागले. त्यांनी कुठल्याशा लिंकवर बोट ठेवलं होतं आणि त्यांचं खातं भलत्याच माणसाच्या हाती गेलं होतं. कुणीही दुसरा मॉडरेटर असता तर एका बोटानं मास्तरांना बाहेर काढून मोकळा झाला असता. अण्णा नोटीस छापून घेऊन रिक्षानं त्यांच्या घरी गेले. मास्तर म्हणाले, "अण्णा, माझं वय बघा. मी गॉगल विकीन का?" अण्णा म्हणाले, "हाच बचाव लिहून द्या." मास्तरांनी तो लिहून दिला. तेवढ्या वेळात मास्तरांच्या नावानं आणखी बरेच गॉगल ग्रुपात येऊन पडले.

मीही हसायचे, मनातल्या मनात. हे कोर्ट बंद कधी होणार, असं वाटायचं. मग अळणावरकडचा तो माणूस आला.

अळणावरजवळच्या एका खेड्यातला शेतमजूर. त्यानं एका सकाळी ग्रुपातल्या प्रत्येक पोस्टखाली तोच एक फोटो आणि तेच एक वाक्य चिकटवायला सुरुवात केली. 'अप्पा हुबळीत दिसलेतर फोन.' वाढदिवसाच्या पोस्टखाली तेच, पाककृतीखाली तेच. सगळे चवताळले. स्पॅम, स्पॅम, काढा त्याला! एका डॉक्टरांनी तर 'अशा अशिक्षितांना प्रवेश देतं कोण' असंही लिहिलं. अण्णांनी आपल्या सवयीप्रमाणे फोन लावला. पलीकडून एक रडवेला आवाज आला. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना आठवण राहत नव्हती, बसस्टँडवर हात सुटला होता, आणि ग्रुपात वेगळी पोस्ट कशी टाकायची हे त्या मुलाला माहीत नव्हतं. म्हणून दिसेल तिथं लिहीत सुटला होता. अण्णांनी तो फोटो ग्रुपाच्या डोक्यावर लावला. दुपारी म्हातारा हुबळीच्या कमरीपेठेत एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर सापडला.

डॉक्टरांनी नंतर त्या बातमीला अंगठा दिला.

त्या संध्याकाळी अण्णांचा मला फोन. "तू पहाटे उठून पीठ मळतेस. स्पॅम पहाटेच येतो. मॉडरेटर हो."

"अण्णा, मी आठवी!"

"मग? स्पॅमवाले पीएचडी आहेत काय?"

अशी मी मॉडरेटर झाले. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मला तर बटण दाबताना भीती वाटायची. चुकून चांगल्या माणसाला काढलं तर? अण्णा म्हणायचे, "भीती वाटते ते चांगलं आहे, अव्वा. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाती हे बटण देऊ नये." आमच्या वादात नोटिशीची मुदत मात्र मी कमी करून घेतली. सात दिवसांवरून एका दुपारवर आणलं. अण्णा आठवडाभर गाल फुगवून होते.

ह्या ग्रुपाला एक संस्थापकही होते, दिलीपराव. राहायला पुण्याला. वर्षातून एकदा हुबळीत स्नेहमेळावा व्हायचा, तेव्हा येऊन शाल-श्रीफळ घ्यायचे आणि 'हे रोपटं मी लावलं' म्हणायचे. पाणी कोण घालतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांना कुणी सांगितलंही नाही. त्यांच्या मेहुण्यानं रायापूरला प्लॉट पाडले आणि त्याच्या जाहिराती ग्रुपात येऊन पडायला लागल्या. सकाळी प्लॉट, दुपारी प्लॉट, कुणाच्या निधनाच्या बातमीखाली प्लॉट. 'निसर्गाच्या कुशीत हक्काचं घर.' त्या कुशीसमोरूनच मी रोज जाते. तिथं ट्रक उभे असतात.

अण्णांनी मेहुण्याला नोटीस काढली. दिलीपरावांना प्रत. मी तेव्हा डबा पोचवायला धारवाडला त्यांच्याकडेच होते, तोच पुण्याचा फोन आला. अण्णा फोन कायम स्पीकरवर ठेवून बोलायचे, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"अण्णा, अहो तो आपलाच माणूस."

"हो की. पण स्पॅम आपल्या माणसाचा असला की त्याला काय म्हणायचं, दिलीपराव? प्रसाद?"

अक्कांनी आत तोंडाला पदर लावला. पलीकडून दिलीपराव गोड आवाजात म्हणाले, "तुमचं वय झालं, अण्णा. आता विश्रांती घ्या."

दुसऱ्या दिवशी ग्रुपात एक लांबलचक पोस्ट आली. अण्णांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल कृतज्ञता आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांना जबाबदारीतून मुक्त करत आहोत, असं काहीबाही. खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, टाळ्या. संस्कृतच्या मास्तरांनी श्लोक लिहिला. 'त्यांची इच्छा खरंच होती का,' एवढं एकानंही विचारलं नाही. ज्यांनी ज्यांनी कर्जवाल्याला त्याचं गाव विचारलं होतं, त्यातल्या एकानंही नाही.

मग दिलीपरावांचा फोन मला आला. ताई, आता तुम्हीच मुख्य. यापुढे प्रत्येक पोस्ट आधी तुमच्याकडे मंजुरीला येईल. मेहुण्यांच्या पोस्ट तेवढ्या पास करत जा. आणि तुमचे धपाटे शनिवारीच कशाला, रोज टाका की!

माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या ग्रुपातली. मालकांचं काम त्या महिन्यात कमी झालेलं. मी पहिली बस धरून धारवाड गाठलं. वाटलं होतं, अण्णा रागावून सांगतील, नाही म्हण. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण ते म्हणाले, "पास करून टाक. तुझं पोट आहे त्याच्यावर. मी मनाला लावून घेणार नाही." आणि खरंच मनापासून म्हणाले. अक्कांनी चहा ठेवला.

घरी येऊन मी प्लॉटची पोस्ट उघडली. पास करायचं बटण हिरवं असतं. मी लाल दाबलं. का दाबलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. घाबरटपणाच असेल तो. दिलीपरावांपेक्षा मला अण्णांसमोर डबा घेऊन जाण्याची भीती जास्त वाटली असेल. संध्याकाळपर्यंत मी ग्रुपाच्या बाहेर होते. नुसती मॉडरेटर म्हणून नव्हे, सदस्य म्हणूनही. कारण दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात पीठ उरायला लागलं. मालक दोन्ही वेळेला त्याचेच धपाटे खायचे, ते जास्त लागलं.

आणि मग श्रीपादअण्णा नवलगुंदकर, निवृत्त शिरस्तेदार, 'शुभ सकाळ'च्या फुलांनासुद्धा ग्रुपात बंदी घालणारा माणूस, पडवीत बसला आणि एका बोटानं आपल्या फोनमधल्या प्रत्येक नंबराला एकच मजकूर पाठवत सुटला. वकिलांना, मास्तरांना, गवळ्याला, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या चष्मेवाल्याला, व्याह्यांना, आणि अक्कांची शपथ घेऊन सांगते, दोन कर्जवाल्यांनासुद्धा. 'मराठवाडी धपाटे. मी स्वतः खाल्लेले आहेत. संपर्क पुढीलप्रमाणे.' कुणी उत्तर दिलं नाही की त्याला पुन्हा. तिसऱ्या दिवशी फोन कंपनीनं त्यांचा नंबर स्पॅम पसरवतो म्हणून बंद केला.

अण्णा आता मुलीकडे म्हैसूरला असतात. जाताना स्टेशनवर मी पाया पडले तर म्हणाले, "तिखट कमी करू नको हं." तिकडे त्यांनी कुठला ग्रुप धरलाय हे अक्का सांगत नाहीत, फक्त उसासा टाकतात.

पण मला आठवतो तो नंबर बंद झाल्यानंतरचा पहिला फोन. एक अनोळखी गृहस्थ, आवाजावरून निवृत्त. म्हणाले, "धपाट्यांबद्दल विचारायचं होतं. नवलगुंदकरांचा मेसेज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. आम्हाला वाटलं, अण्णांचं खातं कुणीतरी पळवलं. म्हणून मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन विचारलं."

"मग? काय म्हणाले अण्णा?"

"म्हणाले, 'मीच पाठवलंय. पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय.' मग म्हटलं, मागवायलाच पाहिजेत. उद्या मिळतील का?"