अंगणातली चूल

आमच्या गावात परदेशी पैशाचे लोक आले ते आम्हाला मोजायला नाही, मोजायला शिकायला. हे त्यांच्यासोबत आलेल्या सरकारी साहेबांनीच सांगितलं. सरकारच्या माणसांना आकडे नीट गोळा करता येत नाहीत, म्हणून बाहेरच्या देशाने पैसा दिला, शिकवायला एक गोरा दिला. यवतमाळच्या हॉटेलात जेवून-शिकून झालं आणि सरावासाठी गाड्या आमच्या राळेगावकडे निघाल्या. जन्मभर सरकार आम्हाला कोंबड्या-बकऱ्यांसकट मोजत आलं. मग इतकी वर्षं काय करत होते, असं मी विचारलं तर साहेब हसले. उत्तर नसलं की ही माणसं हसतात.

नेमकं तेव्हाच आमच्या घरात बिनसलं होतं. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवते म्हणून सून मला बोलली. मी अंगणात चूल मांडली. मांडलीच आहे तर वरण-भाकरही तिच्यावरच करू लागले. मुलगा ट्रकवर, पांढरकवड्याहून हैदराबादकडे. तो आला की मी गुपचूप आत जेवायची. त्याला माहीत नव्हतं, गावाला ती पाण्याचीच चूल वाटायची. कळलं असतं तर त्याला आई नाहीतर बायको निवडावी लागली असती, आणि तो बायको निवडेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मूर्ख नाही तो.

तर ही सगळी मंडळी माझ्या अंगणात उतरली. गळ्यात पट्टे, डोक्यावर एकसारख्या टोप्या. माठातलं पाणी दिलं तर बाटल्या दाखवल्या. शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या. प्रश्न विचारायला एक मुलगी होती, आपल्याच भागातली. जसं लिहिलंय तसंच वाचायचं, असं गोऱ्याने तिला बजावलेलं.

तिने टॅबलेटवर वाचलं, "आपल्या कुटुंबातील सर्व सदस्य एकाच स्वयंपाकघरातील अन्न ग्रहण करतात का?"

माणसासारखं विचार, मी म्हटलं. तिने गोऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, तिने तेच पुन्हा वाचलं. चांगल्या शिकलेल्या पोरीचा पोपट करून ठेवला होता. मला प्रश्न पहिल्या वेळीच समजला होता. मी पदर सारखा केला. शेजारणी कुंपणावर आणखी वाकल्या.

सून दारातूनच म्हणाली, "एकाच चुलीवर जेवतो जी आमी. काहून?"

मुलगी बोट टेकवणार तेवढ्यात गोरा उठून चुलीशी गेला. ही कशाची, असं त्याने साहेबांना विचारायला लावलं. पाणी तापवायची, सून म्हणाली. गोऱ्याने वाकून चुलीवरच्या पातेल्याचा, आमच्या गंजाचा, वास घेतला. वरणात मी लसूण घातला होता. एवढ्या लोकांत एकाचंच नाक चालत होतं, आणि त्यालाच आमची भाषा येत नव्हती.

साहेब म्हणाले, "आजी, खरं सांगा. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. एक लिहू, का दोन?"

मोठे लोक घर कसं तोडतात पाहा. उभ्या उभ्या, टोपी न काढता.

"सिलिंडर सरलं बाप्पा," मी म्हटलं. "तुमच्या घरचं सरत नाई काय?"

शेजारणी हसल्या. मुलीने एक लिहिलं. गोऱ्याचं काही समाधान झालं नाही. उत्तर जुळतं का ते बघायला दुसरी माणसं न सांगता येतील, जेवणाच्या वेळी, असं साहेबांनी जाताना बजावलं. आधी विचारायचं, मग विश्वास ठेवायचा नाही. हे शिकायला परदेशी पैसा लागला.

गाड्या गेल्यावर सुनेने गंज उचलून आत नेला.

"आत्याबाई, ते लोक केव्हाई टपकतीन. आतच जेवा."

"तुया गॅस जळते ना."

"जळू द्या."

गेले आत. वरण माझं, भाकर तिची. भाकर कच्ची होती. तेवढं मी बोलले नाही.

दुसरी माणसं काही आली नाहीत. पैसा सरला असेल, नाहीतर शिकून झालं असेल. मुलगा घरी आला, जेवून झोपला, त्याला काही कळलं नाही. मी अजून आतच जेवते. येतीन ते लोक, असं सून अधूनमधून म्हणते, मी हो म्हणते. अंगणातल्या चुलीवर आता फक्त पाणी तापतं. म्हणजे त्या मुलीने लिहिलं ते आता खरं झालं. त्यांच्या अकलेने नाही.