क्रेटवरची मरियामाता

मंडळी, आज मी मरियामातेला घरी येऊ नको म्हणणार होते.

आमच्या वसईच्या आळीत तिची मूर्ती रोज एका घरी जाते आणि तिथे रोझरीची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. आज आमचा नंबर होता. पण गेल्या आठवड्यात घरात कमरेएवढं पुराचं पाणी शिरलं. गाद्या गेल्या, कपाट गेलं, पप्पांचा भिंतीजवळ ठेवलेला शेवटचा फोटोही गेला.

सकाळी शेजारच्या फिलोमिना मावशींना फोन केला. "आमचं घर वगळा. मूर्ती ठेवायला टेबलसुद्धा उरलं नाही."

"अगं, जिचं बाळ गोठ्यात जन्मलं, तिला टेबल कशाला लागतंय?" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सगळे येऊन फरशीवर बसले. मावशींनी मूर्ती भाजीच्या क्रेटवर ठेवली. खरं सांगते, मला तिचा रागच आला होता. पाणी घरात शिरलं तेव्हा कुठे होतीस?

रोझरी म्हणता म्हणता भिंतीकडे लक्ष गेलं. पुराच्या पाण्याची रेघ मूर्तीच्या डोक्याच्याही वर होती. आम्ही ज्या पाण्यात उभे होतो, त्यातच तीही उभी होती, असं वाटलं. इतक्या दिवसांनी मन शांत झालं.

ती सोबतच होती, हे तुम्हाला कधी, कशातून कळलं?

मूर्ती उद्या पुढच्या घरी जाईल. क्रेट मात्र मी तिथून हलवणार नाही.